आधी एसटी जाऊ दे, मग रस्ता

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रात, राज्यमार्गावरच्या एका गावात पाचवी ते दहावीची शाळा आहे. पट २८०. तिथल्या एका शिक्षिकेकडे यंदा रस्ता सुरक्षेचं काम आलंय. दर जानेवारीत शाळा प्रभातफेरी काढते, चित्रकला स्पर्धा घेते, शपथ देते. प्रश्नमंजूषेत मुलं पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि शाळा सुटली की त्याच रस्त्यावरून पळत सुटतात. गेल्या महिन्यात सातवीतला एक मुलगा एसटीतून उतरून रस्ता ओलांडताना मोटारसायकलखाली आला. जीव वाचला, पाय मोडला. नववी-दहावीतली काही मुलं स्कूटरवर येतात आणि गाडी समोरच्या दुकानापाशी लावतात. पालकांना बोललं तर त्यांना राग येतो. मुख्याध्यापक म्हणतात, फाटकाबाहेरचं आपल्याकडे नाही. हाताशी आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास आहे, पैसे नाहीत. मुलांना रस्त्याकडेला नेऊन शिकवावं असं बाईंना वाटतं, पण काही झालं तर जबाबदारी कुणाची ही भीती आहे. त्या विचारतात : एवढं सांगूनही मुलं ऐकत नाहीत, तर आता आणखी कसं सांगू?

उत्तर :

बाई, तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करूया. मुलं ऐकत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण तुमचीच प्रश्नमंजूषा सांगते की ती नीट ऐकतात. ऐकलेलं पाठही करतात. अडचण अशी की रस्ता ओलांडणं ही पाठ करायची गोष्टच नाही, ती पोहण्यासारखी आहे. पोहण्याचे नियम फळ्यावरून उतरवून घेतले म्हणून कुणी पोराला विहिरीत सोडत नाही. पाठीला डबा बांधतो, कुणीतरी मोठं माणूस पाण्यात उभं राहतं आणि हात-पाय मारण्याचा सराव होतो, तोही रोज. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण घोषणा देऊन थेट पाण्यात सोडतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या कुवतीची. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना गाडी किती लांब आहे हे कळतं, पण ती किती वेगाने येतेय हे भरवशाने कळत नाही. लांब दिसली म्हणजे वेळ आहे, असाच त्यांचा हिशेब असतो. आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यातही ती चुकतात, आणि उंची कमी असल्याने उभ्या जीपपलीकडचं त्यांना दिसत नाही, तशीच तीही ड्रायव्हरला दिसत नाहीत. तुमची पाचवीची मुलं या वयाच्या जेमतेम पुढे आहेत. सातवीच्या मुलाला वेगाचा अंदाज येतो, पण पलीकडून मित्राने हाक मारली किंवा शाळेची घंटा ऐकू आली की तो अंदाज बाजूला पडतो. त्यामुळे ‘बेफिकीर मुलं’ हा शब्द तुमच्या मनात असेल तर तो काढून टाका अशी विनंती आहे. तो शब्द राहिला की पुढचे सगळे उपाय रागावण्याचेच सुचतात.

म्हणून पहिला आठवडा शिकवू नका, बघा. शाळा भरण्याआधी वीस मिनिटं आणि सुटल्यावर वीस मिनिटं वही घेऊन फाटकाशी उभ्या राहा. मुलं नेमकी कुठून ओलांडतात? काठावर किती थांबतात? आधी उजवीकडे किती बघतात? किती जण पळतात? एका वेळी पन्नास मुलांच्या खुणा करा. हा कागद जपून ठेवा, कारण दर दोन महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा करायची आहे. तुमच्या कामाची खरी परीक्षा तीच. आठवीच्या मुलांना बरोबर घेऊन फाटकापुढच्या रस्त्याचा नकाशाही काढा आणि गाडी दिसत नाही अशा जागा लाल रंगाने दाखवा : चहाची टपरी, वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) जीप उभ्या राहतात ती कड, वाढलेली बाभळ, रस्त्याचं वळण.

हे बघताना एक प्रश्न स्वतःच्या शाळेलाही विचारा. सकाळच्या एसटीतून उतरलेली मुलं का पळतात? बस उशिरा येते आणि उशिरा आलेल्यांना प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभं करतात, असं तर नाही ना? तसं असेल तर मुलाला आपणच रस्त्यावर पळवतो आहोत. एसटीने येणाऱ्या मुलांना दहा मिनिटांची सवलत द्यायला एक रुपया लागत नाही, आणि फाटकाशी होणारी पळापळ इतक्या लवकर कमी करणारा दुसरा उपाय तुमच्या हातात नाही.

आता त्या एसटीबद्दल. बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. तिच्या पुढून किंवा मागून मूल बाहेर आलं, की बसला ओलांडून पुढे जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते शेवटच्या क्षणी दिसतं आणि मुलालाही गाडी तेव्हाच दिसते. इथे ‘नीट बघून जा’ हे सांगणं निरुपयोगी आहे, कारण बघायला काही दिसतच नाही. मुलांना एकच ओळ द्या : आधी एसटी जाऊ दे, मग रस्ता. उतरायचं, काठापासून दोन पावलं मागे सरायचं, कंडक्टरची डबल बेल होऊन गाडी निघून गेली की मग दोन्हीकडे बघायचं. शाळेच्या मैदानावर दोन बाकं आणि एक सतरंजी टांगून ‘बस’ उभी करा, एका मुलाला सायकलवर तिच्या बाजूने येऊ द्या आणि बसच्या मागून डोकावणाऱ्याला तो कधी दिसतो ते वर्गाला बघू द्या. सायकल चालत्या माणसाच्या वेगानेच यायला हवी.

रस्ता ओलांडण्याचा सराव हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, तो सविस्तर सांगणं भाग आहे. दोनपदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारण सात मीटर रुंद असतो. मैदानावर चुन्याच्या फक्कीने तेवढा पट्टा आखा. मूल सेकंदाला सुमारे सव्वा मीटर चालतं, म्हणजे पट्टा ओलांडायला सहा सेकंद. ठरवून पाऊल उचलायला आणि थोडी शिल्लक ठेवायला आणखी दोन धरा. एकूण आठ. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी आठ सेकंदांत १३० मीटरहून जास्त अंतर कापते आणि ८० ने येणारी जवळपास १८० मीटर. तुमच्या मैदानावर शंभर मीटर धावण्याची रेघ असेलच. मुलांना तिच्या एका टोकाला उभं करा, दुसऱ्या टोकाला झेंडा लावा आणि सांगा की गाडी त्या झेंड्यापाशी असेल तर उशीर झालाय, थांबायचं. बहुतेक मुलांना हे खोटं वाटेल, कारण शंभर मीटर त्यांना खूप लांब वाटतात. तो धक्का बसणं आवश्यक आहे.

त्याच रेघेवर ब्रेकचंही दाखवा. ताशी ६० ने येणाऱ्या ड्रायव्हरला मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर गाडी १७ मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार थांबेपर्यंत ३५-४० मीटर होतात, पावसात पन्नाशीच्या पुढे. तिन्ही ठिकाणी विटा ठेवा. ‘काका ब्रेक मारतील’ हा मुलांच्या मनातला भरवसा त्या विटा बघून कमी होतो. भरलेल्या ट्रॅक्टरला तर याहून किती तरी जास्त अंतर लागतं.

वेगाचा अंदाज मुलांवर सोडायचा नाही, म्हणून ठरलेली खूण द्या. राज्यमार्गावर किलोमीटरच्या दगडांमध्ये दर दोनशे मीटरला छोटे दगड असतात. दोन दगडांमधलं अंतर मोठ्या मुलांना चालून दाखवा, म्हणजे दोनशे मीटर डोळ्यांत बसतं. मग फाटकापासून दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरावरचं झाड, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी असं काहीतरी ठरवा. गाडी त्या खुणेच्या अलीकडे आली की थांबायचं, मग ती कितीही हळू वाटो. वळणामुळे तेवढं लांबचं दिसतच नसेल, तर ती जागा ओलांडायची नाही. चार पावलं चालून दिसेल तिथे जायचं.

आणि मग खरा रस्ता. तुमच्या भीतीचं उत्तर इथे आहे : सुरुवातीचे सगळे तास मुलांनी रस्ता ओलांडायचाच नाही. तीन मुलं आणि एक मोठं माणूस, डांबरी काठापासून दोन मीटर मागे. मोठं माणूस मुलांच्या आणि रस्त्याच्या मधे. एका मुलाने दोन्हीकडे बघायचं आणि जायला हरकत नाही असं वाटेल तेव्हा ‘आता’ म्हणायचं. लगेच बाकीच्यांनी मोठ्याने मोजायचं : एकशे एक, एकशे दोन, एकशे आठपर्यंत. आधी घड्याळ लावून ही मोजणी सेकंदाला जुळवून घ्या, मुलं घाई करतात. आठ होण्याआधी गाडी समोरून गेली तर निर्णय चुकला. कुणी रागवायचं नाही, पुढच्याची पाळी. एका मुलाला पंधरा मिनिटांत चार-पाच वेळा संधी मिळते आणि चूक किती मोठी होती हे त्याचं त्यालाच दिसतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९० च्या दशकात ‘कर्बक्राफ्ट’ नावाचा उपक्रम याच विचारावर उभा राहिला : पाच ते सात वर्षांची मुलं, छोटे गट, शिकवणारे स्वयंसेवक पालक, आणि वर्ग भरायचा खऱ्या रस्त्याच्या कडेला.

तुमच्या ३५ मिनिटांत हे बसतं. चार मोठी माणसं असली की एका वेळी बारा मुलं, दोन पाळ्यांत चोवीस. पाचवीत ४८ मुलं असली तर दोन आठवड्यांत सगळ्यांची एक फेरी. प्रत्येकाच्या सहा फेऱ्या व्हायला बारा आठवडे लागतील. त्याहून कमी केलं तर सवय लागत नाही आणि पुढच्या वर्षी उजळणी केली नाही तर लागलेलीही जाते. म्हणून २८० मुलांना एकदम हात घालू नका, यंदा फक्त पाचवी आणि सहावी घ्या. माणसं गावातच आहेत : पालक-शिक्षक संघातल्या आया, निवृत्त एसटी ड्रायव्हर, पोलीस पाटील. मुख्याध्यापकांचा लेखी आदेश, पालकांचं संमतिपत्र आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच हे तीन कागद फाइलला असू द्या.

सराव घेताना दोन चुका हमखास होतात. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात, त्यांत आधी डावीकडे बघायला सांगतात कारण तिथे गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते, म्हणून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि ओलांडतानाही मान फिरती ठेवायची. दुसरी चूक ‘नेहमी रस्त्याच्या डावीकडून चाला’ ही. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर डावीकडून चाललं की गाड्या पाठीमागून येतात. पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागोमाग एक चालावं. उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं तर त्याच्या बरंच आधी पलीकडे जावं, कारण वळणाच्या आतल्या बाजूचा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. सायकल मात्र डावीकडूनच. मुलं या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून एकाच दमात म्हणून घ्या : पायी उजवीकडून, सायकल डावीकडून.

तुमच्या भागात गळीत हंगामाचा वेगळा तास हवाच. दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मुलं चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात. तोल गेला की मूल थेट मागच्या चाकापाशी पडतं आणि ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. दोन ट्रॉल्यांमधल्या फटीतून पलीकडे जाणारी मुलंही तुम्ही बघितली असतील. इथे समजावणीबरोबर कारखान्याच्या शेतकी विभागाला पत्र द्या : शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावात ट्रॉल्या थांबवू नयेत आणि प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर असावेत. वळणाऱ्या लांब वाहनाचं मागचं चाक आत कापतं, हे सायकलवर येणाऱ्या मुलींना मैदानात दाखवा (शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या असतील, पण त्यासोबत हे कुणी शिकवलेलं नसतं). पाच मीटरचा बांबू घ्या, दोघींनी दोन टोकं धरायची. पुढचीने चुन्याच्या गोलावरून चालायचं, मागचीने बांबू नेईल तसं. मागचीची पावलं गोलाच्या आत पडत जातात. त्या दोन रेघांमधली जागा म्हणजे ट्रॉली वळताना सायकल जिथे कधीच नसावी ती जागा.

स्कूटरवरच्या मुलांचा विषय तुम्ही शिस्तीचा मानता. त्याआधी तो येण्या-जाण्याच्या सोयीचा आहे का ते तपासा. प्रत्येकाला विचारा : घर किती लांब, एसटी किती वाजता, सुटल्यावर परतीची गाडी किती वेळाने? चार मुलांचं उत्तर ‘शाळा सुटते पाचला, गाडी साडेसहाला’ असं आलं तर तो कागद घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे आणि मुलींचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, हे काही पालकांना अजूनही ठाऊक नसतं.

मग पालकांना बोलवा. एकेकट्याला नको, सगळ्यांना एकत्र. सुरात आरोप नको, पण माहिती पूर्ण द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. शिवाय अपघातात दुसरं कुणी जखमी झालं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. शेवटचा मुद्दा ऐकून सभेत शांतता होते. कुणीतरी म्हणेल, सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन्स निघतं की. निघतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरातली स्कूटर शंभर सीसीच्या वर असते. बॅटरीच्या गाडीचं विचारतील : २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तरच तिला लायसन्स लागत नाही, आणि वेग वाढवून घेतलेली गाडी या सवलतीत बसत नाही. दुकानदारालाही या सभेला बोलवा. गाडी लावायला जागाच मिळाली नाही तर निम्मं काम होतं.

पाठीमागे बसणाऱ्या मुलालाही चार वर्षांवरील असेल तर कायद्याने हेल्मेट लागतं. पण वडिलांचं मोठं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढवलं तर ते अपघातात फिरतं किंवा निघून जातं. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा. पट्टा लावून मागून पुढे ओढा. निघालं तर माप चुकीचं.

मुख्याध्यापकांचं म्हणणं सोडून देऊ नका. त्यांच्यापुढे दोन कागद ठेवा. २०११ च्या महाराष्ट्राच्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, म्हणजे मुलांच्या येण्या-जाण्याचा विचार शासनाने शाळेकडेच दिलेला आहे. दुसरा कागद तुमचा नकाशा. तो जोडून सार्वजनिक बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्यांना अर्ज करा, ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असू द्या आणि प्रती पोलीस ठाण्याला व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका, त्यावर काहीच होत नाही. नेमकं मागा : दोन्ही बाजूंना ‘पुढे शाळा’ फलक, फाटकाच्या आधी रम्बल स्ट्रिप (वेग कमी करायला लावणारे उंचवट्याचे पट्टे), झेब्रा पट्ट्यांचा नवा रंग, वळणावरच्या बाभळीची छाटणी. टपरी आणि जीपचा थांबा तीस मीटर सरकवणं ग्रामपंचायतीला जमेल. एसटीचा थांबा शाळेच्या बाजूला घेता आला तर एका वेळचं ओलांडणंच संपतं.

शाळेत आरएसपीचं (विद्यार्थ्यांच्या रस्ता सुरक्षा दलाचं) पथक असेल तर एक काळजी घ्या. मुलांनी हात दाखवून गाड्या अडवायच्या नाहीत. राज्यमार्गावर ताशी ८० ने येणारा ट्रक बारा वर्षांच्या मुलीच्या शिट्टीने थांबत नाही. पथकाने काठावर मुलांना थांबवायचं, गट करायचा आणि रस्ता मोकळा झाला की एकत्र सोडायचं. गाडी थांबवायला पोलीस किंवा होमगार्ड हवा, त्याची मागणी त्याच अर्जात करा. प्रभातफेरी काढायचीच असेल तर गावाच्या आतल्या गल्ल्यांतून न्या. सुरक्षेची फेरी म्हणून २८० मुलं राज्यमार्गावर आणणं थांबवा. आठवी ते दहावीला अपघातानंतरचं शिकवा : १०८ किंवा ११२ ला फोन, गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगणं, जखमीला ओढून उठवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण आहे हेही सांगा, कारण मोठी माणसं आजही ‘नसती पोलीस केस नको’ म्हणून बाजूने निघून जातात.

राहिला तो सातवीतला मुलगा. तो परत येईल तेव्हा त्याला वर्गासमोर उदाहरण म्हणून उभं करू नका, आणि ‘पळायला नको होतं’ हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका. वर्गात तशी चर्चा सुरू असेल तर सतरंजीच्या बसचा खेळ पहिल्यांदा सातवीतच घ्या. त्याला काय दिसलं नव्हतं हे तिथे सगळ्यांनाच कळेल. प्लास्टर निघालं तरी काही आठवडे त्याची चाल मंद असणार, आठ सेकंद त्याला पुरणार नाहीत. तोपर्यंत सकाळच्या एसटीच्या वेळी त्याच्या थांब्यावर एक मोठं माणूस उभं राहील असं बघा, आणि संध्याकाळी त्याला घंटेच्या पाच मिनिटं आधी सोडा.